एकशे एकतीसनंतरचे तीन सेकंद

९ जानेवारी

प्रिय आत्या,

सा. न. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं बाबा ऐकतात, म्हणून पत्र लिहितेय.

काम आहे. माळ्यावर बाबांची हिरवी लोखंडी पेटी आहे ना, ग्रहणाच्या फिल्म्सची, ती मला हवीय. आतल्या नोंदवहीसकट, आणि बाबांना न सांगता. आता तू चष्मा कपाळावर चढवून म्हणशील, या वयात मला चोऱ्या करायला लावतेस का. हो, लावतेय.

कारण ऐक. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश तापलेला असतो. त्याच्या बाहेर जे विरळ प्रभामंडळ पसरलंय, ते मात्र दहा-वीस लाख अंशांवर. शेगडीपासून लांब सरकावं तशी धग वाढत जावी, असला उफराटा प्रकार. हे कशानं होतं यावर ऐंशी वर्षं भांडणं चाललीत. बाबांचा पक्ष म्हणतो, खालून लाटा वर जातात आणि आपली ऊर्जा तिथे नेऊन टाकतात. आमचा पक्ष म्हणतो, चुंबकीय रेषांचा गुंता होतो, त्या तुटतात, पुन्हा जुळतात, आणि दर वेळी एक बारीक ठिणगी उडते; अशा कोट्यवधी ठिणग्यांनी ते सगळं तापतं. बाबा आम्हाला ठिणगीवाले म्हणतात. मी ठिणगीवाल्यांत गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून ते माझ्याशी फक्त हवामानावर बोलतात, आणि तेही त्यांच्याकडच्या.

एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या ग्रहणात दर दोन सेकंदांना एक असे सलग फोटो त्यांच्याशिवाय कुणीच घेतले नव्हते. आता ते नव्या यंत्रावर उतरवून नीट मोजता येतात. माझा शोधनिबंध एकतीस मार्चपर्यंत द्यायचाय. तो उभा राहिला तर इथली नोकरी कायम होईल, नाही तर सप्टेंबरात गाशा गुंडाळायचा.

आणि दुसरं. सेकंद तू मोजले होतेस. तेवढ्या दोन ओळी लिहून खाली सही कर, की मोजणी पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड होती. हल्ली परीक्षक सगळ्याचा कागद मागतात.

लवकर कर गं. मला बसवत नाही.

तुझी,
भिंगरी


२० जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

हातानं लिहितेय, लावून घे. मशीनवर बसले की टकटक ऐकून दादा आतून विचारतो, कुणाला गं? पस्तीस वर्षं टाइपिंगचा क्लास चालवला, आता पेन धरलं की कोंबडीनं अंगणभर फिरावं तसं अक्षर येतं.

तुझी पेटी काल रवाना केली. दादा डोळे तपासायला गेला होता आणि नळ दुरुस्त करणारा माळ्यावर टाकी बघायला चढलाच होता, त्यालाच म्हटलं, येताना ती पण उतरव. त्यानं विचारलं, काय आहे हिच्यात, दगड? मी म्हटलं, सूर्य. तो हसला नाही. पैसे मात्र टाकीचेच घेतले.

पेटीच्या जागी जुनी वर्तमानपत्रं रचून वर चादर घातलीय. दादा माळ्यावर काही चढत नाही. त्याचा उजवा हात हल्ली थरथरतो. कपातला चहा बशीत सांडतो आणि म्हणतो, कप वाकडा आहे. तीन कप बदलले मी. जेवण झालं की बाहेरच्या खोलीत सारख्या फेऱ्या घालतो. तू सांग, ‘बसवत नाही’ हा रोग कुणाकडून घेतलास.

मोजणीचं विचारतेस. तुला ठाऊक आहे तेच आहे. मी ग्रहणाच्या पथकाबरोबर गेले होते ते त्यांचे अहवाल टाइप करायला, क्लासला सुट्टी होती म्हणून. सेकंदाचे ठोके देणारं त्यांचं यंत्र ग्रहणाच्या सकाळीच दमटपणानं बंद पडलं. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दादा म्हणाला, माझी बहीण मोजेल. पथकाच्या प्रमुखांनी नाक मुरडलं, टाइपिंगची बाई? दादा म्हणाला, हिच्या हातात पट्टी द्या आणि तुमचं घड्याळ लावून बघा. मी दिवसभर पोरींना पट्टीच्या ठोक्यावर टाइप करायला लावायची, माझ्या हाताला तेच वळण. चार मिनिटांत अर्धा सेकंदही इकडेतिकडे झाला नाही. प्रमुखांनी स्वतःच बसायला खोकं पुढे सरकवलं.

त्यांचा एक नियम होता, मोजणाऱ्यानं सूर्याकडे पाठ करून बसायचं. म्हणजे भान जात नाही. मी खोक्यावर बसले, पुढे दुसरं खोकं, त्यावर पट्टी. ठोका आणि आकडा, ठोका आणि आकडा. दादा माझ्या पाठीमागे कॅमेऱ्याला डोळा लावून, दर सम आकड्याला एक फोटो. संपलं.

दोन ओळींचं बघते. जेवत जा वेळेवर.

तुझी,
आत्या


११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पेटी मिळाली. उघडल्यावर आपल्या घरच्या कपाटाचा वास आला आणि मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. ही माझी आठवड्यातली सगळ्यात लांब बैठक.

एकशे चोवीस फोटो, एकही खराब नाही. बाबांच्या हाताला तेव्हा काय स्थैर्य होतं. सूर्याच्या कडेला आठ कमानी दिसतात, चुंबकीय रेषांवर तापलेला वायू चढतो त्यांच्या. बाबांची आवडती तिसरी. ती दर सात सेकंदांनी उजळते, मंद होते, पुन्हा उजळते. याच्याच जोरावर त्यांनी लाट सापडली म्हणून जाहीर केलं होतं. आणि मग निम्म्याच्या थोडं पुढे ठेका तुटतो. अचानक. जिथे उजळायचं तिथे मंद. मला हवं होतं ते हेच. लाट अशी मध्येच तुटत नाही. सुट्या ठिणग्या काही वेळ योगायोगानं ठेक्यात उडाल्या आणि मग ठेका सुटला, इतका साधा अर्थ आहे.

पण तुझा कागद आला नाही. आत्या, दोन ओळी. माझी वरिष्ठ रोज विचारते. मी कॉरिडॉरमध्ये इतक्या फेऱ्या मारते की फरशी पुसणाऱ्या बाईनं विचारलं, काही हरवलंय का तुमचं. छपाईयंत्राजवळच्या माणसानं तर आपली खुर्ची फिरवूनच घेतली.

तुला हे लिहायला इतकं जड का जातंय? बाबांच्या विरुद्ध जातेयस असं वाटतंय का? नाही जात आहेस. तू मोजलंस तेच तर लिहायचंय.

तुझी,
भिंगरी


१९ फेब्रुवारी

(टंकलिखित)

प्रमाणित करण्यात येते की, सदर ग्रहणाच्या वेळी सेकंदांची मोजणी मी स्वतः केली असून ती आरंभापासून शेवटापर्यंत अखंड व समान गतीने झाली.

(सही)


२७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

कागद मिळाला. करारपत्रासारखा टाइप केलायस, आशीर्वादाची एक ओळसुद्धा नाही. तरी तुला शंभर नमस्कार. आता निबंध कुणी हलवू शकत नाही.

तुला तिकडे घरात हे कुणी सांगितलं नसणार, म्हणून सांगते. ठेका तुटतो तो बरोबर एकशे एकतीसच्या आकड्यानंतर. एकशे तीसचा फोटो अगदी लाटेत बसतो आणि एकशे बत्तीसचा साफ चुकतो. या एका जागेवरून बाबांचं सगळं गेलं. माझी वरिष्ठ तेव्हा विद्यार्थिनी होती, त्या सभागृहात होती. बाबांनी फळ्यावर आलेख काढला. ठिणगीवाल्यांतले एक मोठे प्राध्यापक उठून म्हणाले, तुमची लाट एकशे एकतीसला पाय बदलून चालायला लागते, तिला काय ठेच लागली? सगळं सभागृह हसलं. मग त्यांनीच विचारलं, का तुमची मोजणी चुकली? बाबा खडू हातात धरून उभे होते. म्हणाले, माझ्या बहिणीची मोजणी चुकत नाही. आणि खाली बसले. त्यानंतर त्यांनी त्या लाटेवर एक अक्षर छापलं नाही. लोक त्यांना मागून 'ठेचवाले' म्हणायचे.

मी हे ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. पण चूक ती चूक. एक्केचाळीस वर्षं ते तुटलेल्या लाटेला धरून बसलेत आणि वर माझ्यावर रुसलेत. निबंध छापून आला की मीच त्यांना नेऊन देणार आहे, समोरासमोर. तुझं नाव आभारात पहिलं.

आता तरी खूश हो आणि हातानं लिही.

तुझी,
भिंगरी


८ मार्च

चि. भिंगरी,

तुझं पत्र नऊ वेळा वाचलं. चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं, हे टाकणार आहे, म्हणून पाय मोडले तरी चालत पोस्टात जाणार आहे.

मी तुला खोटं लिहून दिलं. एकशे एकतीस म्हटलं आणि मी थांबले. मागे वळले आणि बघितलं. मग पुढे फिरले आणि एकशे बत्तीस म्हटलं. किती वेळ थांबले ते मला माहीत नाही. मला एक श्वास वाटला. मी आपणहून वळले, कुणी सांगितलं नव्हतं. पट्टी हातात उचललेली होती ती तशीच राहिली, एवढं आठवतं.

आकडा कसा विसरेन? पोरींना दीडशे ठोक्यांचा पाठ असायचा. एकशे एकतीस आला की अजून माझा हात अडतो. जिने मोजताना, गोळ्या मोजताना.

तेव्हा बोलले नाही, कारण वाटलं, मी सांगितलं तर सगळे फोटो कचऱ्यात जातील. पथकातले म्हणतील, म्हटलंच होतं बाईमाणसाला बसवू नका. आणि दादा त्या कॅमेऱ्यासाठी दोन वर्षं झिजला होता. तर मूग गिळून बसले. तू कागद मागितलास तेव्हाही तेच. वाटलं, मोजणी चुकली म्हटलं तर दादाच्या उरल्यासुरल्या कामावरही पाणी पडेल. मशीनवर बसले आणि ठोकून दिलं. पहिल्यांदाच असं झालं की टाइप करताना माझ्या बोटांना घाम आला.

तो त्या सभेहून परत आला तेव्हा इतकंच म्हणाला, लोकांना पटलं नाही. कशावरून नाही पटलं ते मी विचारलं नाही, कळलंही नसतं. आणि आज तू लिहितेस की एकशे एकतीसवरून त्याचं हसं झालं, आणि वर तो माझं नाव पुढे करून खाली बसला. भिंगरी, मी त्याला वाचवायला गप्प बसले आणि त्याला बुडवलं ते त्याच गप्प बसण्यानं. तो बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारतोय आणि मी स्वयंपाकघरात पातेली उगाच दुसऱ्यांदा घासतेय. समोर जाववत नाही.

मला काय दिसलं ते विचारू नकोस. चोरून बघितलंय, त्याची गोष्ट सांगायचा मला हक्क नाही.

तो कागद फाडून टाक.

तुझी,
आत्या


१५ मार्च

आत्या,

पहिले दोन दिवस मी तुझ्यावर इतकी चिडले होते की पत्र लिहिलं असतं तर कागद पेटला असता. खोटा कागद, तोही सही करून. मग चिडणं बाजूला ठेवून मी एक गोष्ट केली. एकशे एकतीसनंतर रिकामा वेळ घालून बघितला. एक सेकंद घातला, नाही जुळलं. दोन, नाही. तीन घातले आणि तिसऱ्या कमानीची लाट पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत एकसारखी चालत गेली. कुठेही ठेच नाही. मी खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, बरी आहेस ना.

तुझा श्वास तीन सेकंदांचा होता.

लाट खरी होती. बाकीच्या सात कमानींत अजून ठिणग्याच दिसतात, तिथे मी हटत नाही. पण माझा निबंध उभा होता तो तिसरीवर. तो गेला. सोळा दिवस उरलेत.

वरिष्ठ म्हणाली, म्हातारीच्या आठवणीवरून आलेख बदलता येत नाही, पुरावा आण. म्हणून नोंदवही काढली. गणितानं त्या ग्रहणाचा काळोख दोनशे बावन्न सेकंदांचा होता. तुझी मोजणी दोनशे एकोणपन्नासवर संपली. म्हणजे तीन सेकंद कुठेतरी हरवलेत, हे बाबांना त्याच दिवशी कळलं होतं. त्यांच्या अक्षरात तिथे लिहिलंय, 'गणना तीन सेकंद उशिरा सुरू.' हरवलेले तीन सेकंद त्यांनी सुरुवातीला नेऊन टाकले.

पण पहिला फोटो बघ. सूर्य पूर्ण झाकला की त्याच्या काठावर एक बारीक चमकती कड उरते, तीही काही सेकंदांत चंद्रामागे जाते. तिच्या जाडीवरून वेळ काढता येतो. पहिल्या फोटोत ती चांगली जाड आहे. मी तीनदा मोजली. तो फोटो काळोख सुरू झाल्यावर दुसऱ्या सेकंदाचा आहे, पाचव्याचा नाही. तू वेळेवर सुरू केलं होतंस. फिल्म धुऊन उजेडात धरल्या क्षणी हे बाबांना दिसलं असणार. त्यांच्या नजरेतून असलं सुटत नाही, माझी शाळेतली खाडाखोड ते पाठीमागून ओळखायचे.

म्हणजे आत्या, त्यांना माहीत होतं. त्यांनी जाणूनबुजून खोटी नोंद केली. आणि सभेत खडू धरून उभे असताना त्यांना उत्तर माहीत होतं. मग बोलले का नाहीत? ज्यांच्यामुळे मी एक आकडा खोडताना दहादा विचार करते, त्यांनीच असं करावं? त्यांना इतक्यात काही विचारू नकोस. मला आधी विचार करू दे.

भिंगरी


२२ मार्च

(टंकलिखित)

चि. भिंगरीस,

एका बोटानं टाइप करतोय. हात थरथरतो, पेनानं लिहिलेलं माझं मलाच लागत नाही. कप वाकडा नव्हता.

तुझी सगळी पत्रं आत्यानं माझ्यापुढे ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाठमोरी उभी राहिली. तू विचारू नकोस म्हणालीस, पण ऐकेल कशी, ती आमच्याच घरातली आहे. पेटी गेल्याचं मला पहिल्या दिवशी कळलं होतं. टाकी दुरुस्त करणारा जिन्यात भेटला आणि म्हणाला, तुमचा सूर्य फार जड आहे.

आपण आपणहून वळलो असं तुला लिहिल्याचं तिनं मला सांगितलं. ते खोटं आहे. मी सांगितलं. मी म्हणालो, 'वळ, बघ.' मोठ्यानं म्हणालो. ती असली बाई नाही की न सांगता ठोका सोडेल. एक्केचाळीस वर्षांनीही ती मलाच पाठीशी घालतेय.

का म्हणालो ते सांगतो. फोटो घेता घेता एक क्षण मी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. वर बघणार होतो. त्याआधी मला तिची पाठ दिसली. अंगावरची शाल घट्ट धरून, मान खाली, खोक्यावर पट्टी मारतेय. इतक्या लांब येऊन, ते डोक्यावर असताना, ती खोकं बघत होती. ते मला सहन झालं नाही. तिनं वळून पाहिलं आणि मी पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. थांबली तेवढा वेळ मी थांबलो. घाई कर म्हटलं नाही.

फिल्म धुतल्यावर मला सगळं दिसलं, तू ओळखलंस तसं. नोंदवहीत खरं लिहिलं असतं तर प्रमुखांनी तिला चारचौघांत सोलून काढलं असतं. मी सांगितलं म्हणून थांबली, हे लिहिलं असतं तर त्यांनी मला काढलं असतं. मी दोघांना वाचवलं असं समजून तीन सेकंद उचलले आणि सुरुवातीला ठेवले. वाटलं, कुणाचं काय बिघडतंय. तेव्हा सात सेकंदांची लाट सापडायची होती. सापडली तेव्हा नोंद छापून गेली होती. सभेत त्या माणसानं विचारलं तेव्हा खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य म्हणजे मी खोटी नोंद केली हे सांगणं होतं. मी भित्रा निघालो. बहिणीचं नाव पुढे केलं आणि लोकांना तो स्वाभिमान वाटला. लाज वाटते ती याची, हसले त्याची नाही.

तुझ्यावर रुसलो नव्हतो. तू ठिणगीवाल्यांत गेलीस तेव्हा मला भीती वाटली की एक दिवस तू ती पेटी उघडशील. म्हणून हवामानावर बोलायचो.

आता निबंधात लिही, एकशे एकतीस आणि एकशे बत्तीस यांच्यामध्ये तीन सेकंद खंड. कारण, निरीक्षकाने गणना करणाऱ्या बहिणीस ग्रहण पाहण्यास सांगितले. याच शब्दांत लिही. नोंदवहीतली नोंद खोटी होती हेही लिही, माझ्या नावासकट. तुझ्या सात कमानींबद्दल मला शंका आहेत, त्या वेगळ्या पाठवेन. चौथीच्या पार्श्वभूमीला उजेड फार आहे, तो तू वजा केला नसशील.

नोकरीचं वाईट वाटतं. ते माझ्यामुळे आहे.

एक राहिलं. तिला काय दिसलं ते मला आजतागायत माहीत नाही. मी स्वतः एका फटीएवढ्या भिंगातून एक कमान बघितली, बाकी काही नाही. आम्हा दोघांत ते ग्रहण तिनंच पाहिलंय. मी कधी विचारू शकलो नाही. विचारलं असतं तर मला ठाऊक आहे हे कबूल करावं लागलं असतं.

तुझा,
बाबा


३० मार्च

ती. बाबांस सा. न.

तुमची ओळ तुमच्याच शब्दांत घातली. वरिष्ठ म्हणाली, शोधनिबंधात बहीण वगैरे कशाला, 'मानवी कारण' लिही. मी म्हटलं, हे असंच छापून यायला हवं, नाही तर मी नाव काढून घेते. तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, त्या दिवशी मीही हसले होते.

निबंधाचं शीर्षक बदललं. एका कमानीत लाट, सातांत ठिणग्या, दोन्ही पक्षांना न आवडणारं. आज दुपारी पाठवून दिला. असा निबंध लिहून नोकरी कायम होत नाही असं सगळे सांगतात. बहुतेक सप्टेंबरात तुमच्या माळ्याखालच्या खोलीत येऊन पडेन, तेव्हा चौथ्या कमानीवर भांडू. पार्श्वभूमी मी वजा केली होती. तक्ता सोबत जोडलाय, भिंग घेऊन बघा.

मी तुमच्यावर रागावलेय आणि तो राग जायला वेळ लागेल. खोट्या नोंदीचा राग आहे, 'वळ, बघ'चा नाही. पत्र पाठवून परत येताना कॉरिडॉरच्या बाकावर बसले. चांगली अर्धा तास बसले, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आणि बाबा, अजून विचारलं नसेल तर विचारा तिला.

तुमची,
भिंगरी


९ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मशीनवर. आता या घरात कुणापासून आवाज लपवायचा नाही.

तुझा तक्ता दादानं भिंतीला लावलाय. चौथ्या कमानीवर पेन्सिलनं तीन प्रश्नचिन्हं काढलीत, त्यातलं एक नंतर खोडलं. म्हणजे तेवढ्यापुरतं तुझं बरोबर असावं. तोंडानं कबूल करणार नाही, वाट बघू नकोस.

मी त्याला म्हटलं, तू 'वळ' म्हणालास हे कशाला सांगितलंस पोरीला? तर म्हणतो, तू लपवलंस कशाला? अर्धा तास त्यावरून जुंपली. एकमेकांसाठी खोटं बोललो म्हणून एकमेकांवर ओरडत होतो. शेवटी शेजारीण दार वाजवून विचारून गेली, सगळं ठीक ना?

काल सकाळी तुझं पत्र त्यानं पुन्हा वाचलं आणि फेऱ्या मारायला लागला. मी भाजी निवडत बसले होते. चार-पाच फेऱ्या झाल्यावर माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसला. बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाला, 'काय दिसलं गं तुला?'

माझ्या हातातली काडी तशीच राहिली. इतकी वर्षं मनात घोकून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर हे सांगायचं, ते सांगायचं. आणि आता त्यातलं काहीच आठवेना. मी भराभरा काहीतरी सुरू केलं, मधोमध काळं होतं आणि बाहेर पांढरं, मोकळं सोडलेल्या केसांसारखं, आणि एका बाजूला, म्हणजे डावीकडे, नाही, तुझ्या बाजूनं डावीकडे... माझंच मला कळेना. तेव्हाही घाईघाईनंच बघितलं होतं, चोरासारखं, आणि सांगतानाही तीच घाई.

माझं मला कळलं नव्हतं, पण बोलता बोलता माझं बोट टेबलावर ठोके देत होतं. दादानं आपला थरथरता हात त्यावर ठेवला. बोट थांबलं.

म्हणाला, 'सावकाश सांग. आज कुणी मोजत नाहीये.'

तुझी,
आत्या